साक्षीच्या पाण्यात पाणी

या मित्रांनो, जरा पुढे सरका. मागे बसलेल्यांनीही पुढे यावे, माझा आवाज बारीक आहे. कान इकडे आणि मन भलतीकडे, असे मात्र बसू नका. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. आधीच सांगून ठेवतो, सांगताना मला राग येईल आणि आला तर मी तो गिळणार नाही. फार वर्षे गिळला.

मी एक जुना मीटर आहे. काचघरातल्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, तुटक्या कात्र्या आणि सुतळीच्या गुंडाळ्यांच्या शेजारी मी पडून आहे. माझ्या पाठीवर कुणीतरी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे, ‘बिघडलेला’.

बिघडलेला! देवाची शपथ घेऊन सांगतो, मी एक दिवसही बिघडलो नाही. मी जे चाखले तेच सांगितले.

माझे काम काय, ते आधी ऐका. आमच्या काचघरात माती नाही. लांब पांढऱ्या पन्हळी आहेत, पन्हळींना भोके आहेत आणि प्रत्येक भोकात लेट्यूसचे एक रोप बसलेले आहे. त्याची मुळे खाली लोंबतात आणि त्यांना गोंजारत पाणी वाहते. त्या पाण्यात झाडांचे जेवण विरघळवलेले असते, म्हणजे नाना प्रकारचे क्षार. ते किती विरघळले आहेत, हे डोळ्यांना दिसत नाही. पाणी आपले सदा नितळ. झाड उपाशी असले तरी नितळ आणि झाड करपायला आले असले तरी नितळ. तिथे मी लागतो. माझ्या वायरच्या टोकाला एक नळी आहे, नळीत दोन छोट्या पट्ट्या आहेत. एका पट्टीकडून दुसरीकडे मी विजेची बारीकशी धार सोडतो. पाण्यात क्षार भरपूर असतील तर ती सुळकन पलीकडे जाते. कमी असतील तर अडखळते. निव्वळ शुद्ध पाण्यात तर ती दारातच बसून राहते. ती किती सहज गेली, त्याचा मी आकडा सांगतो. इतकीच माझी विद्या. पण तेवढी विद्या मी कधी विकली नाही.

मी तयार झालो एका कारखान्यात. एका लांब टेबलाशी माझे भाग जोडले गेले आणि शेवटी मी आलो एका आजींच्या हातात. त्या प्रत्येक मीटर तपासून पेटीत घालत. पेटीत फोमचा गादीसारखा तुकडा असे. त्यावर मीटर, बाजूला एक बाटली, मग माहितीपत्रक. पण आजींची एक खोड होती. फोम उचलून त्याच्या खाली त्या एक छोटे सीलबंद पाकीट सरकवत.

शेजारी बसणारी हसायची. “आजी, तिथे कुणाला दिसणार ते?”

“दिसायला कुठे ठेवतेय? अडलं की सापडायला ठेवतेय.”

तिथून मी काचघरात आलो आणि मावशीच्या हाती पडलो. टाकीत जेवण कालवण्याचे काम मावशीचे. हात खरखरीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि ओठांवर सतत देवाचे गाणे. ती घड्याळ पाहत नसे. टाकीत काही घातले की म्हणायची, “आता दोन कडवी ढवळायचं.” दोन कडवी संपली की हात थांबायचा. ज्या दिवशी देवावर जास्त प्रेम यायचे त्या दिवशी तीन कडवी व्हायची आणि पाणी अगदी छान एकजीव व्हायचे. तिनेच माझे नाव ठेवले, चाखणारा.

रोज सकाळी टाकीत बुडवण्याआधी ती मला पारखून घ्यायची. याला मोठ्या लोकांत कॅलिब्रेशन म्हणतात. मावशी म्हणायची, ‘खरं करणं’. पाने तोडायला आलेल्या बायकांना ती सांगायची, “थांबा गं बायांनो, आधी याला खरं करून घेते.” आधी स्वच्छ पाण्याने माझी नळी धुवायची. बाटलीतले द्रावण घोटभर एका छोट्या कपात घ्यायचे. बाटलीत मला कधीही थेट बुडवायचे नाही. कपात बुडवून नळीला टिचकी मारायची, म्हणजे आत अडकलेले बुडबुडे निघतात. मग एक कडवे थांबायचे. त्या द्रावणाचा आकडा बाटलीवरच छापलेला होता, चौदाशे तेरा. माझा आकडा जरा इकडेतिकडे असला तर माझ्या पाठीवरचा बारीक स्क्रू केसभर फिरवून मला चौदाशे तेरावर आणायचे. शेवटी कपातले ते द्रावण मोरीत ओतून द्यायचे. वापरलेले परत बाटलीत नाही. कधीच नाही.

बाटलीवर छापलेले होते ‘मानक द्रावण’. ते कुणाच्या जिभेवर बसेना. मावशी म्हणाली, “हे याच्या खरेपणाची साक्ष देतं ना? मग हे साक्षीचं पाणी.” सगळ्यांना ते नाव आवडले. मलाही आवडले, हे कबूल करतो. पण मित्रांनो, त्याच नावातल्या एका शब्दाने पुढे आमचा घात केला.

पहिले वर्ष सुखात गेले. टाकीचा आकडा सोळाशे लागायचा. मावशी अ डब्यातले आणि ब डब्यातले दाट खत मापाने टाकीत घालायची, ढवळायची, मला बुडवायची. मी सोळाशे म्हटले की तिचा हात थांबायचा. लेट्यूसचे गड्डे असे भरगच्च यायचे की टोपलीचे झाकण बसायचे नाही. एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आमची पाने जायची. तिथल्या स्वयंपाकिणीने निरोप पाठवला, “आजाऱ्यांनाही भूक लागते हो ही पानं पाहून.” काचघराच्या मालकीण, त्यांना सगळे ताई म्हणत, त्यांनी तो निरोप मावशीला मोठ्याने वाचून दाखवला. मावशीने मला पदराने पुसले. “बघ रे चाखणाऱ्या, तुझंपण नाव झालं.”

मग आले दादा.

दादा म्हणजे ताईंचे थोरले भाऊ. नोकरीतून मोकळे झाले होते, ताईंनी कोठार त्यांच्या ताब्यात दिले. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातही सांगतो. देवभोळा होता, हात कामसू होते. पण वाया जाणे हा शब्द त्यांना सहन होत नसे. पाकिटांना बांधलेली सुतळी ते सोडवून गुंडाळून ठेवत. पेन्सिल नखाएवढी झाली तरी टोपणात खोचून लिहीत. एके दिवशी त्यांनी मावशीला मोरीशी साक्षीचे पाणी ओतताना पाहिले.

“हे काय? चांगलं पाणी ओतून देताय?”

“वापरलेलं आहे, दादा. ते टाकूनच द्यायचं असतं.”

“वापरलेलं म्हणजे? काठी बुडवली फक्त. कुणी उष्टं केलंय का?”

“उष्टंच म्हणा. आमच्या चाखणाऱ्यानं चाखलं ना ते.”

मावशी हसली आणि डब्यांकडे वळली. दादा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते म्हणू लागले, “मावशी, कप इथेच ठेवा, मी ओततो.” म्हाताऱ्या माणसाला मदत करावीशी वाटते, एवढेच मावशीला वाटले. बाटलीही आता कोठाराच्या कपाटात राहू लागली. दादा सकाळी काढून द्यायचे, नंतर आत न्यायचे.

आत काय व्हायचे, ते मला दिसायचे. मी टेबलावर आणि कपाटाचे दार समोर. दादा कपातले वापरलेले पाणी बाटलीत परत ओतायचे. कपाला चार थेंब चिकटलेले असायचे, तेही वाया जाऊ नयेत म्हणून कप साध्या पाण्याने विसळायचे आणि ते विसळलेले पाणीही बाटलीत. बाटलीवर त्यांनी निळ्या पेनाने एक रेघ ओढली होती. इतके करूनही पातळी रेघेच्या खाली राहिली तर स्वच्छ पाण्याच्या कॅनमधून दोन चमचे वर. मग बाटली उजेडाकडे धरून समाधानाने बघायचे. रेघेला रेघ.

पाणी! सगळे त्याला पाणी म्हणत होते, म्हणून त्यांनी त्यात पाणी घातले. ‘मानक द्रावण’ म्हटले असते तर त्या भल्या माणसाचा हात कदाचित अडखळला असता. मी ओरडू शकत असतो तर काचघराच्या काचा फुटल्या असत्या. पण मला बोलायला फक्त आकडे दिले आहेत आणि तेही कुणी बुडवले तर.

आता पुढचे नीट ऐका. साक्षीचे पाणी रोज थोडे थोडे पातळ होत होते. मला त्यात बुडवले की मी खरे सांगायचो, चौदाशे. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे कमी. पण बाटलीवर छापलेले चौदाशे तेरा! मग मावशी बिचारी स्क्रू केसभर उजवीकडे फिरवायची आणि मी मुकाट्याने चौदाशे तेरा म्हणायचो. रोज एक केस. शाळेच्या पट्टीवरचे आकडे कुणी पुसून थोडे जवळ जवळ लिहिले, तर तीच पेन्सिल मोजताना लांब भरेल की नाही? माझे तसेच झाले. माझी मान धरून मला खोट्याकडे वळवले जात होते आणि ते करताना देवाचे गाणे म्हटले जात होते! दोन महिन्यांत अशी गत झाली की टाकीत बाराशे असले तरी मी सोळाशे म्हणायचो.

मी म्हणायचो, मावशीचा हात थांबायचा आणि झाडे अर्धपोटी राहायची.

पाने आधी फिकी झाली, मग पिवळसर. गड्डे मुठीएवढे. दवाखान्यातून टोपल्या परत आल्या आणि बरोबर निरोप, “पानं आजारी वाटतात. आजारी माणसांना कशी वाढू?” ताईंच्या तोंडचे पाणी पळाले.

आणि दादा काय म्हणत होते? दादा खूश होते! “ताई, पूर्वी अ आणि ब डबे दहा दिवसांत संपायचे. आता चौदा दिवस जातात. बघ, घरचं माणूस कोठारात असलं की कसं होतं ते.”

ताई थबकल्या. डबे उशिरा संपतात, म्हणजे खत कमी पडते. भिंतीवरच्या तक्त्यावर मात्र मावशीच्या अक्षरात रोज सोळाशे. त्यांनी मावशीला हाक मारली.

“मावशी, खरं सांगा. खत पूर्ण घालता ना?”

“सोळाशे होईपर्यंत घालते, ताई.”

“तक्त्यावर सोळाशे आणि झाडं उपाशी? मग एक तर तुम्ही न मोजताच लिहिता...”

“मी?” मावशीने हातातला डबा खाली ठेवला. “पाच वर्षं इथे ढवळतेय मी. एका अक्षराचं खोटं लिहिलं असेल तर हात झडो.”

“अहो, मग हा मीटर खोटारडा आहे,” दादा मध्येच बोलले. “मला पहिल्यापासून तो पसंत नाही. नुसतं चांगलं पाणी वाया घालवतो.”

त्या दिवसापासून दादा मला पाण्यात पाहू लागले. खरे तर पाण्यात पाहणे हे माझे काम, पण ते असो. ताईंनी निर्णय दिला. सोमवारपासून टाकीवर दुसरे कुणीतरी येईल. मावशीने टोपल्या धुवाव्यात. आणि मला भंगारात टाकावे.

टोपल्या धुणे हे काही हलके काम नाही. पण मावशीला ते शिक्षा म्हणून दिले होते. सगळ्या बायकांसमोर तिच्या शब्दावर फुली मारली होती. तिने त्या दुपारी गाणे म्हटले नाही. पहिल्यांदाच मी तिला मुकेपणाने ढवळताना पाहिले. सांगा मित्रांनो, आमचे काय चुकले होते? तिने मी सांगितले ते लिहिले आणि मी चाखले ते सांगितले.

शनिवार आला. दोन दिवसांनी मावशी टोपल्यांकडे जाणार. सकाळी तिने नेहमीसारखे मला खरे करायला घेतले, नखाने स्क्रू केसभर फिरवून चौदाशे तेरावर आणले आणि थांबली.

“काय रे,” ती हळूच म्हणाली, “तू रोज उजवीकडेच कसा काय वळतोस? एखाद दिवशी डावीकडे नको का चुकायला?”

अगं मावशी! शाबास! मला नाचता आले असते तर मी टेबलावर नाचलो असतो. जो मनाने चुकतो तो कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. रोज एकाच बाजूला जातो त्याला कुणीतरी ढकलत असते.

ती स्वतःशीच बोलू लागली. “डबे म्हणतात, खत कमी पडलं. झाडंही तेच म्हणतात. हा एकटा म्हणतो, पुरेसं पडलं. पण हा बिचारा कुणाच्या साक्षीनं म्हणतो?” तिने बाटलीकडे पाहिले. निळ्या रेघेकडे पाहिले. रेघेला रेघ. “दोन महिने झाले, ही बाटली कमी कशी होत नाही?”

मग तिने माझी पेटी ओढली. माहितीपत्रक शोधताना ते सापडेना, म्हणून तिने फोम उचलला. खाली आजींनी सरकवलेले ते पाकीट, आत घोटभर साक्षीचे पाणी. सीलबंद, मुदत अजून सहा महिने, वर छापलेले चौदाशे तेरा. इतके दिवस मी माझ्या निर्दोषपणावरच झोपत होतो आणि कुणाला सांगू शकत नव्हतो!

मावशीने पाकीट फोडले नाही. हातात तसेच धरून ती ताईंच्या खोलीत गेली. “ताई, दादा, दोघंही या. कुठेतरी पाणी मुरतंय. तुमच्या डोळ्यांसमोर बघायचंय मला.”

दोघे आले. मागे बायकाही गोळा झाल्या. मावशीने कप दोनदा धुतला, कोरडा केला. पाकीट ताईंच्याच हाताने फोडून घेतले. मला बुडवले, टिचकी मारली. आणि सवयीने एक कडवे म्हटले, अगदी पुटपुटत. मी आकडा दाखवला. अठराशे चौऱ्याऐंशी.

“चौदाशे तेराच्या जागी अठराशे चौऱ्याऐंशी!” ताई म्हणाल्या. “म्हणजे मीटर खोटाच की.”

“दादांच्या बाटलीनं याला आज सकाळीच खरं केलंय,” मावशी म्हणाली. तिने स्क्रू डावीकडे वळवला. केसभर नाही, चांगला हातभर म्हणावा इतका. मी पाकिटाच्या पाण्यात चौदाशे तेरावर आलो. मला हायसे वाटले, जणू आखडलेली मान सुटली. मग तिने मला धुऊन बाटलीतल्या पाण्यात बुडवले. मी सांगितले, एक हजार साठ. मग टाकीत. बाराशे.

ताईंनी तिन्ही आकडे पुन्हा एकदा मोठ्याने म्हटले.

“दादा,” मावशी म्हणाली, “या बाटलीत तुम्ही काय घातलंत?”

“काय घालणार?” दादांचा आवाज चढला. “पाण्यात पाणी घातलं, विष नाही घातलं! तुम्हीच सगळे पाणी पाणी म्हणता ना त्याला?”

“साक्षीचं पाणी म्हणते, दादा. तुम्ही साक्षीदारालाच पातळ केलंत. मग त्यानं काय साक्ष द्यायची?”

मागे कुणीतरी खुदकन हसले. दादांचा चेहरा उतरला. मग ते स्वतः बाटली घेऊन मोरीशी गेले आणि ती त्यांनी तळापर्यंत रिकामी केली. ज्या माणसाला सुतळीचा तुकडा टाकवत नव्हता, त्याने बाटली उपडी करून शेवटचा थेंबही झटकला. मला त्या क्षणी त्यांची दया आली, खोटे कशाला बोलू.

मावशीची टाकी मावशीकडे राहिली. ताईंनी सगळ्यांसमोर तिचे दोन्ही हात धरले. “चुकले मी,” एवढेच म्हणाल्या. तीन आठवड्यांत पाने पुन्हा हिरवीगार झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती ना? पण माझा राग इथेच सुरू होतो!

तक्त्यावर त्या दोन महिन्यांसमोर शेरा लिहायचा होता. दादांनी लिहिला, ‘मीटर बिघडला होता’. ताईंनी पाहिले आणि तो तसाच राहू दिला. मोठा भाऊ, त्याचे मन कशाला दुखवायचे? आणि मीटरला कुठे मन असते? माणसाची लाज झाकायला एक मुकी वस्तू पुढे केली की झाले, नाही का! मावशीने ते वाचले. तिने दादांच्याच टोपणातली ती नखाएवढी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिले, ‘मीटर खरा होता. त्याला खोटं शिकवलं होतं.’

मी त्या ओळीवर पुढची कितीतरी वर्षे जगलो.

आता मावशी काचघरात येत नाही. गुडघे थकले, ती लेकीकडे राहायला गेली. तक्ता भरला, तो काढून टाकला. त्याबरोबर तिची ओळही गेली. मात्र दादांचा शेरा लोकांच्या तोंडी राहिला. टाकीतच बसवलेला एक नवा मीटर आला, मला ड्रॉवरमध्ये टाकले आणि जाताजाता कुणीतरी पाठीवर पट्टी चिकटवली. माझ्या नळीतल्या पट्ट्यांवर क्षारांचा पांढरा थर चढला आहे. मऊ ब्रशने दोन मिनिटांत निघेल. पण बिघडलेल्याला कोण घासतो?

तरीही मी गप्प बसलो असतो. पण काल कात्री शोधायला कुणीतरी ड्रॉवर उघडला आणि तो उघडाच राहिला. समोरच्या फळीवर नव्या मीटरच्या साक्षीच्या पाण्याची बाटली होती. तिच्यावर निळी रेघ होती. नवी, ताजी, निळी रेघ! शेजारी स्वच्छ पाण्याचा कॅन आणि विसळून उपडा ठेवलेला कप.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावले, मित्रांनो. मोठ्यांना सांगून पाहा. ते हसतील, म्हणतील, पाणीच तर आहे. तुम्ही हसू नका. एखादा मीटर चुकला, किंवा तुमच्या वर्गातला एखादा जण चुकीचे उत्तर घेऊन उभा राहिला, तर त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवण्याआधी विचारा, याला खरं कुणी केलं होतं? कशाच्या साक्षीनं?

आणि तुमच्या हाती कधी त्या छोट्या कपातले वापरलेले पाणी आले, तर हात आखडू नका. ते बाटलीत परत नको. मोरीत ओतून द्या, शेवटच्या थेंबापर्यंत. ओतताना देवाच्या गाण्याचे एक कडवे म्हणा आणि आमच्या मावशीची आठवण काढा.